एकशे चौदाच्या पुढं

रवि. ७ जून, क्योतो
ओवीला खालचा दात आला. चमचा लावला तर टक् वाजला. नातीच्या कौतुकात माझं दूध उतू गेलं.
ओवीची आई, आमची मनू, जंगलांची वयं मोजते. क्यानडात पार वर, थंडीच्या मुलखात जाऊन येते. झाडाला बारीक भोक पाडून उदबत्तीएवढी काडी काढायची, तिच्यावरच्या रेघा मोजायच्या. एक रेघ एक वर्ष. म्हणाली, "आई, आग गेली की तिथं सगळी झाडं एका वयाची उगवतात, शाळेतल्या वर्गासारखी. आगीनं सोडलेल्या जागी तेवढी म्हातारी." मी चौथी शिकलेली, पण मोजता येतं. सगळ्यात म्हाताऱ्या झाडाची काडी तिनं भिंगाखाली ठेवून मला मोजायला दिली. एकशे चौदा मोजल्या. ओवी रडली. परत बसले, पुढं अंदाजानं. एकशे नव्वद.

सोम. ८
कचरा आज मी टाकला. इथं त्याची फार शिस्त. जळणारा तो मोएरु, पिवळी पिशवी. शेजारच्या आजीबाई पिशवी बघून मान डोलावतात, आज दोनदा डोलावली. त्याआधीच टेबल, ओटा, सगळं लख्ख करून घेतलं होतं. इथली वांगी बारीक, भरताला भाजली की हाताला काही लागत नाही.

मंगळ. ९
मनू सकाळपासून काडी शोधतेय. मोजून झाल्यावर कागदी नळीत घालून ठेवली होती म्हणे.
कागदी नळी. ओवीनं चघळलेली. ज्यूसची समजून मी काल
ते झाड गेल्या उन्हाळ्यात जळलं, ती जागाच जळली. पूर्वी आगीनंतर जंगलाला म्हातारं व्हायला सवड मिळायची. आता पोरवयातच दुसरी आग, बी धरायच्या आत. म्हणून तर ती काडी. उद्या फोटो काढायचा होता तिचा.

बुध. १०
सांगितलं. भाजी निवडताना, मान वर न करता.
"मोएरुत टाकलीस?"
"वर कागद होता ना, मने."
"हो. कागद मोएरुच." हसली. तसलं हसणं नको वाटतं. "सरांना काय कळवू, आगीच्या आधी काढून आणलेली…" उठून आत गेली. जेवलीही नाही. ओवी दात दाखवत बसली होती, कुणी बघितलं नाही.

गुरु. ११
परत पिवळ्या पिशवीचा दिवस. मनूनं नेली. शेजारच्या आजीबाई हात करत होत्या, मी पडदा ओढून घेतला.
संध्याकाळी मनू म्हणाली, "तू मोजल्या होत्यास ना? किती?" ही वही तिच्या हातात दिली. रविवारचं पान दोनदा वाचलं. "हे कुठं चालणार नाही," म्हणाली, पण वही सोडेना. एकशे चौदावर बोट ठेवलं. "अंदाजानं म्हणजे कुठून गं, आई?"
आत्ता दिली वही परत. डोळे मिटून बघतेय. एक जाड रेघ होती, काळपट. ओवी रडली तेव्हा माझं नख तिच्या अलीकडं होतं, का पलीकडं