कपलिंग माझ्याकडे आहे

सुबोध,

मसाल्याचं मशीन आज फिरणार नाही, बटण दाबत बसू नकोस. मोटर आणि मशीनला जोडणारं माझं रबरवालं स्टार कपलिंग मी तुझ्या बाबांच्या पान्याने सोडवलंय आणि वाकोल्याला तुझ्या बहिणीकडे, नीलमकडे घेऊन जातेय.

काल मिथुन फिटरसमोर म्हणालास, आईने मिरच्या जास्त कोंबल्या म्हणून बेअरिंग जळालं. परक्या माणसासमोर वाद नको, म्हणून मी आत निघून गेले. पण गेल्या महिन्यात माझं रबरवालं काढून लोखंडी घट्ट कपलिंग कोणी बसवलं रे? तेव्हाच सांगितलं होतं, मोटरचा आणि मशीनचा फिरता दांडा, दोन्ही शाफ्ट एका रेषेत नाहीत. घट्ट कपलिंगला केसभरही फरक चालत नाही. रबर मध्ये असलं की धक्के ते खातं आणि बेअरिंग वाचतं. त्यावर तू म्हणालास, आई, तू चौथी पास. मग काल मिथुनने नवीन बेअरिंगबरोबर माझंच कपलिंग परत का बसवलं, ते विचारलंस का त्याला?

सावंतांच्या लग्नाचा मसाला उद्या द्यायचाय, हे मला पाठ आहे. कपलिंग हवं तर मिथुनला घेऊन ये, आणि चूक कोणाची ते त्याच्यासमोर सांग.

भात झाकून ठेवलाय, तो प्रियंकासाठी. माझ्या सुनेचा बिचारीचा यात काय दोष?

तुझं लोखंडी कपलिंग कपाटाखाली आहे. हिंमत असेल तर बसव. संध्याकाळपर्यंत नवीन बेअरिंगही जाईल, आणि या वेळी मिरच्या कोंबायला मी घरात नसेन.

आई