रेवाचं बोट आणि माझी पिन

गुरुवार, संध्याकाळ. माहूज, बहारीन.

सापडलं. तीन आठवडे छळलं, पण आज सापडलं.

रेवाच्या एअर रायफलचा ट्रिगर. सुटे भाग मागवून मीच जुळवलेली रायफल, त्यामुळे तिच्यात खोट असेल हे मनातच येईना. ट्रिगर कधी हलका सुटायचा, कधी जड. स्प्रिंग बदलून पाहिली आणि शेवटी पोरीलाच म्हणालो, तुझं बोट स्थिर नाही. ती रडकुंडीला आली. "बाबा, इट्स नॉट मी." शनिवारी क्लबची निवड चाचणी.

आज तुबलीला वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत, ट्रिगर ज्या पिनवर फिरतो ती पिन मायक्रोमीटरमध्ये धरली. भोक तीन मिलिमीटरचं, पिन चार शतांश कमी. मोडक्या ड्रिलची दांडी कापून मीच घातलेली. आम्ही टूलरूमवाले सगळे हेच करतो. शेजारच्या मशीनवरचा बशीर हसला. "उस्ताद, ड्रिल का डंडा कभी पूरा नाप देता है क्या?" बावीस वर्षं लेथवर काढून हे मी विसरावं?

भंगारातल्या बेअरिंगमधून सुईसारखा एक रोलर काढला, बरोब्बर तीनचा. अंगठ्याने दाबला तसा सरकत जाऊन बसला. ट्रिगर मोकळा फिरतोय, डुलत नाही.

मघाशी रेंजवर रेवाचे दहाच्या दहा छर्रे शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत. सॉरी म्हणालो. तिने जुनी पिन मागून घेतली आणि कंपासपेटीत ठेवली. पुन्हा तिच्या बोटाला नावं ठेवली तर काढून दाखवणार आहे.