माझा सर्वांत गाजलेला निबंध चुकीचा आहे, मामा

बिश्केक, सप्टेंबरचा पहिला आठवडा

तीर्थरूप जुमाकादिर मामांस,

भाची बुरुलचाचा वाकून सलाम. आधी जनावरं, मग माणसं, या आपल्याकडच्या क्रमानेच विचारते: घोड्या अजून दूध देतात ना? मेंढ्या धष्टपुष्ट आहेत ना? कालबुबू मामी बऱ्या आहेत ना? (तुमच्या तब्येतीचं विचारलं की तुम्ही घोड्याच्या तब्येतीचं सांगता, म्हणून तो प्रश्न सोडला.) वर कुरणावर फोन लागत नाही, तेव्हा हे पत्र आत-बाशीच्या गाडीवाल्याकडे देते आहे. वाटेत तो ते फोडून वाचणार, हे मला ठाऊक आहे. वाच म्हणावं, सगळ्या खोऱ्याला कळू दे.

तर झालं असं, की आमच्या संस्थेत आक्तान नावाचे नवे उपसंचालक आलेत. वय चौतीस, बूट टोकदार. त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक शास्त्रज्ञाने आजवर काय संशोधन केलं आणि त्याचा जगावर काय प्रभाव पडला, ते एका पानावर आकड्यांत मांडावं. आकडा लहान त्याची प्रयोगशाळा बंद! माझी एकतीस वर्षं गेली ब्रुसेलाच्या तापात, म्हणजे आपण ज्याला मेंढ्यांचा ताप म्हणतो त्यात. (येतो, जातो, परत येतो, सांधे धरतो, आणि माणूस म्हणतो वारा लागला.) या एकतीस वर्षांत मी मेंढ्यांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घातले, त्यांच्या लाथा खाल्ल्या, आणि एका बोकडाने माझी वही खाल्ली, त्यामुळे त्या वर्षाचे निष्कर्ष आजही त्याच्याच पोटात आहेत. मी पानावर लिहिलं: आमच्या तीन गावांत दरवर्षी साठ माणसं या तापाने अंथरूण धरायची, गेल्या वर्षी चार.

आक्तान म्हणाले, "ताई, हा प्रभाव नव्हे. इतर शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधांत तुमचं नाव किती वेळा घेतलं, तो प्रभाव."

"म्हणजे त्या आजारी न पडलेल्या छप्पन्न जणांनी मेंढ्या सोडून निबंध लिहायला बसायला हवं होतं?"

त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. माझ्या अठरा निबंधांचा उल्लेख मिळून सात वेळा. (त्यातले पाच मीच केलेले. आपलं कौतुक आपणच करावं लागतं.) पण एकोणिसाव्याचा, झटपट रक्ततपासणीवरच्या निबंधाचा, दोनशे बारा वेळा! आक्तान खुर्चीतून उठलेच. चहा मागवला, मला "संस्थेचं भूषण" म्हणाले, आणि शुक्रवारी पाहुण्यांसमोर चापान, तो मानाचा जाड लांब झगा, घालून माझा सत्कार करायचं ठरवून टाकलं. प्रयोगशाळाही वाचली.

मी घरी जाऊन ते दोनशे बारा उल्लेख वाचून काढले. असलं काम कुणी करत नाही, आणि का करत नाही तेही कळलं. पहिला उल्लेख अल्माटीच्या रौजा नावाच्या बाईंचा. त्यांनी माझी झटपट रक्ततपासणी पुन्हा करून दाखवलं होतं, की मुरलेला आजार तिला सापडतच नाही. आजारी माणूस ठणठणीत ठरतो. उरलेले दोनशे अकरा जण सांगत होते, की या बाईसारखं करू नका. मामा, मी जगभर प्रसिद्ध आहे, पण रस्त्यावरच्या खड्ड्याशेजारी लावलेल्या पाटीसारखी! मी चिडले, जुने नमुने काढले, पुन्हा तपासले. रौजाबाई बरोबर.

आक्तानना सांगितलं, तर म्हणाले, "शिव्या मोजायला वेगळा रकाना नाही, ताई. आकडा तो आकडा. गप चापान घाला."

घातलं. माइक हातात घेतला आणि म्हटलं, "हा निबंध चुकीचा आहे. चूक माझी आहे, आणि ती अल्माटीच्या रौजाबाईंनी पकडली. मान त्यांचा." आणि खाली बसले. मागच्या रांगेतून आमच्या बाटल्या धुणाऱ्या बाईंनी एकटीने टाळ्या वाजवल्या, चांगल्या दणदणीत.

आता माझ्या प्रयोगशाळेचा "पुनर्विचार" चालू आहे आणि टेबल बाहेर जिन्यापाशी. मी तिथे रोज नऊला हजर असते. जिन्यावरून काढलं तर अंगणात बसेन. तीन गावांची रक्तं तपासायचं काम मी थांबवणार नाही, आक्तानना सांगा किंवा आक्तानच्या आजोबांना.

तुमची हट्टी भाची,
बुरुलचा

ता. क. – चापान रौजाबाईंना पाठवणार होते. नाही पाठवलं. जिन्यावर गार वारा असतो.

ता. क. – सभेत छाती काढून बोलले, पण तुमच्यापुढे तोंड उघडायला एवढा कागद खर्ची पडला. त्या निबंधासाठी रक्त मी बारा वर्षांपूर्वी आपल्याच कुरणावर घेतलं होतं. ठणठणीत ठरवलेल्यांत सदतीस नंबर तुम्ही, अडतीस मामी. परवा दोघांचंही ते जपून ठेवलेलं रक्त नीट तपासलं. मामींचं स्वच्छ आहे. तुमचं नाही. बारा वर्षं तुम्ही कंबरदुखीचं खापर घोड्यावर फोडताय, ते माझ्यावर फोडा. गुरुवारी नारीनला उतरा. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. पुन्हा रक्त द्यायचं, मग सहा आठवडे गोळ्या, एकही न चुकवता. रागावला असाल तर चारचौघांत रागवा, मी ऐकून घेईन. पण या, मामा.