कार्डांची मागची बाजू

सूनबाई,

केर काढताना तुझी इंग्रजी शब्दांची कार्डं पलंगाखाली सापडली. रबर लावून टेबलावर ठेवली आहेत. पुढचं इंग्रजी मला कळत नाही, पण मागे तू मराठीत अर्थ आणि लक्षात राहायला उदाहरण लिहितेस. ‘हेकेखोर: सासूबाई.’ ‘अडाणी: सासूबाई.’ ‘दयाळू’वर तुझी आई आहे. तुला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून चार महिने ओट्याशी मी उभी राहिले, ती नव्हे.

मी लेकीकडे जातेय. भाजी झाकून ठेवली आहे. रविवारी प्रवेश परीक्षा नीट दे. मला न्यायला नवऱ्याला पाठवू नकोस, यायचं तर तू ये. आणि यापुढे अर्थही इंग्रजीतच लिहीत जा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला मराठी वाचता येतं.