फाटक्या गुडघ्यांची साक्ष

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

बटणचा सप्रेम सलाम वि. वि. तुझं पत्र मिळालं. बाबांचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर बाबा 'सगळं ठीक' एवढंच म्हणतात, आणि आपल्या घरची पत्रांची सवय मोडायची नाही असं त्यांनीच बजावलंय.

नवी नोकरी झकास आहे. आमची मंडळी म्हणजे आपलं ते थंडगार दगडी चर्च नव्हे, जिथे बाबा चाळीस वर्षं तिसऱ्या बाकावर डुलक्या घेत आलेत. आम्ही फर्निचरच्या एका जुन्या शोरूममध्ये जमतो. दारावरच लिहिलंय, 'इथे मुखवटे चालणार नाहीत.' आमचे पाळक स्वतःला पाळक म्हणवून घेत नाहीत, त्यांना 'दोस्त' म्हणायचं. परवा एक म्हाताऱ्या बाई चुकून पाळकसाहेब म्हणाल्या, तर त्यांना बाजूला घेऊन समज दिली. व्यासपीठावर दोस्त कायम फाटक्या गुडघ्यांची जीन्स घालतात. प्रार्थनेला गुडघे टेकून टेकून माणूस असाच फाटला पाहिजे म्हणतात. ती जीन्स दुकानातून फाटकीच मिळते हे मला मागाहून कळलं.

माझं काम साक्ष विभागात. प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं ते लोक सांगतात आणि मी ते सहा मिनिटांत बसवतो. कागदावर खुणा करून देतो : इथे थांबा, इथे पाण्याचा घोट, इथे आवाज कापू द्या. बुधवारी तालीम असते. रविवारी सगळं उत्स्फूर्त.

गेल्या रविवारी माझी स्वतःची साक्ष झाली. लोक ढसाढसा रडले. तिचा व्हिडिओ आता सगळीकडे फिरतोय. तू मात्र बघू नकोस, आवाज नीट आलेला नाही.

बाबांना सलाम. माझ्यावरचा लोभ काही झालं तरी कमी करू नकोस.

तुझा,
बटण


ता. १३ फेब्रुवारी

चि. बटण यास,

ताईचे अ. आ. आवाज चांगला स्पष्ट आलाय. शेजारच्यांनी मला दोनदा ऐकवला.

आधी इथली हकिगत. मंगळवारी तुमच्या मंडळीची तीन माणसं आली, तिघांचे शर्ट एकसारखे. बाबा खिडकीशी बसून लायब्ररीवाल्या बाईंची शाल रफू करत होते. तिघं त्यांच्या खुर्चीभोवती गुडघे टेकून बसले आणि 'याला या कैदेतून सोडव' म्हणून रडायला लागले. बाबांना वाटलं खोकल्याबद्दल चाललंय. त्यांनी मनापासून आमेन म्हटलं. मग त्यातल्या एकाला फळीवर खोकल्याच्या औषधाची बाटली दिसली. ती त्याने आमच्या देखत मोरीत ओतली. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि दाराशी पोचवायला गेले. मला म्हणाले, माणसं प्रेमळ आहेत, पण औषध नवीन आणावं लागेल.

इथवर मी हसत होते. दुसऱ्या दिवशी लायब्ररीवाल्या बाई आल्या आणि शाल अर्धवट रफू झालेली तशीच परत घेऊन गेल्या, सुई टोचलेली तशीच. भांडल्या नाहीत. नुसतं बाबांच्या हातांकडे बघत होत्या. त्यानंतर आणखी सहा घरांनी कपडे परत नेले. संध्याकाळी बाबांनी हात उजेडात धरला आणि मला विचारलं की माझा हात थरथरतो का गं. रफू करणाऱ्याच्या हातावरचा विश्वास उडाला की त्याच्याकडे काय उरतं, ते तू सांग.

तू अश्रू गाळत जगाला सांगितलंस की बाबा रोज पिऊन यायचे आणि तू शिलाई मशिनखाली लपायचास. लपायचास खरा, आंघोळ चुकवायला. औषधाच्या दुसऱ्या चमच्यानं झोप येते म्हणून जो माणूस एकच चमचा घेतो, त्याला तू दारुडा केलंस. बाबांनी अजून पाहिलेलं नाही. मला कारण कळव. चांगलं असलं पाहिजे.

आशीर्वाद आहेत, पण सध्या मोजकेच.

ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम सलाम. तुझं पत्र वाचून मान वर करवत नाही. पण माझीही बाजू ऐक.

माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. खरी साक्ष आधी लिहिली होती : चर्चमध्ये जन्मलो, चर्चमध्ये वाढलो, अजून चर्चमध्ये आहे. दोस्तांना जांभई आली. काय लपवतोस म्हणाले. काही नाही म्हटलं, तर म्हणाले हाच तुझा मुखवटा. साक्ष विभागातल्या माणसाकडेच साक्ष नाही, हे बरं दिसत नव्हतं. घटना खरी नसली तरी भावना खरी असली की झालं, असं ते शिकवतात. रडताना मला खरंच रडू आलं, देवाशपथ.

आता पुढची पंचाईत. मार्चच्या मोठ्या सभेला दोन हजार माणसं येतात. दोस्तांना बाबा व्यासपीठावर हवेत. मी त्यांना सगळ्यांसमोर क्षमा करायची. नाही म्हटलं तर माझी नोकरी जाईल. बाबांना एवढंच सांग की त्यांचा सत्कार आहे. बाकीचं बोलू नकोस, तुझ्या पाया पडतो.

रागावलीस तरी पत्र टाकणं थांबवू नकोस.

तुझा नालायक भाऊ,
बटण


ता. २७ फेब्रुवारी

चि. बटण यास,

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, पाया पडलास तिथपर्यंत. व्हिडिओही दाखवला.  त्यांनी सभेची तारीख विचारली आणि पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. ते येताहेत. तिथे काय बोलणार ते मला सांगत नाहीत. त्यांना गाडीतून उतरवून घ्यायला जा. एवढं तरी कर.

ताई


ता. १० मार्च

चि. ताईस,

बाबांचे अ. आ. मी सुखरूप आहे. मला दोस्तसाहेबांच्या घरी उतरवलं होतं. माणूस वाईट नाही, पाणी स्वतः आणून देतो. सभेच्या आदल्या दुपारी घरात कोणी नव्हतं. खुर्चीवर त्यांची विजार पडली होती, दोन्ही गुडघे फाटलेले. एवढ्या मोठ्या मंडळीचा पाळक, आणि त्याला रफू करून देणारं कोणी नाही. मला फार वाईट वाटलं. सुई माझ्या खिशात असतेच. धागा त्याच विजारीच्या शिवणीतून काढला. तीन तास लागले, पण उजेडाकडे धरली तरी जागा सापडायची नाही. हात थरथरत नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

सकाळी घरात आकांत. दोस्तसाहेब विजार उलटीसुलटी करून भोकं शोधत होते. मी अभिमानानं म्हटलं की आता नाही सापडायची. त्यांना कौतुक वाटलं नाही. एक कार्यकर्ता कात्री घेऊन आला, त्याला मी सांगितलं की कात्री लावलीस तर फाटलेलं दिसणार नाही, कापलेलं दिसेल. शेवटी ते धडक्या विजारीतच व्यासपीठावर गेले. पुढच्या रांगेत कुजबुज झाली की दोस्त आता पूर्वीसारखे खरे राहिले नाहीत. बिचारे सभाभर हातांनी गुडघे झाकून बसले.

मग आपल्या बटणनं साक्ष दिली. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज कापला, कागदावर होता तसा. माईक माझ्याकडे आला. मी कधी थेंब घेतलेला नाही, एवढं एकच वाक्य मी गाडीत पाठ केलं होतं. पण हा माझ्या शेजारी अंग चोरून उभा, लहानपणी मशिनखाली बसायचा तसाच. मला ते म्हणवेना. मी म्हटलं, "माझा मुलगा खोटं बोलत नाही. तो म्हणतोय तर मी पीत असेन." खोटं बोललो गं. या वयात, तेही देवाच्या सभेत. प्रभूने मला क्षमा करावी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बटणनं माझ्या हातातून माईक घेतला, कागद खिशात कोंबला आणि सांगून टाकलं की बाबांनी दारूला कधी हात लावला नाही, हे सगळं मी बनवलं.  मला वाटलं आता आम्हाला बाहेर काढणार. तर सगळे उठून उभे राहिले, रडायला लागले, टाळ्या आधीपेक्षा जोरात. पडद्यामागे दोस्तसाहेबांनी त्याला मिठी मारली. म्हणाले, अशी खरी साक्ष आजवर झाली नव्हती, पुढच्या रविवारी पुन्हा करायची, अगदी अशीच, फक्त 'बनवलं'च्या आधी जरा थांब. माझंही वाक्य तेच ठेवायचं. बुधवारी तालीम.

बटणनं माझ्याकडे पाहिलं, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि माझी पिशवी उचलली. शनिवारी आम्ही दोघं येतोय. त्याला दारातच फैलावर घेऊ नकोस, आधी जेवू दे.

तुझे,
बाबा

ता. क. निघताना दोस्तसाहेबांनी कोणी ऐकत नाही असं बघून विचारलं, त्यांच्या आईचा जुना कोट आहे, कसर लागलेला, त्याला रफू होईल का. मी पत्ता दिलाय.


ता. २ एप्रिल

चि. बटण यास,

ताईचे अ. आ. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागलास हे वाचून बरं वाटलं. तिथे निदान वर नेतो म्हटलं की वर न्यावं लागतं.

त्या रविवारी कपडे परत नेलेल्या सात घरी तू माफी मागायला निघालास आणि मी तुझ्यासोबत आले, ते तू पळून जाशील या भीतीनं. सातही घरी तू वाक्य अर्धवट सोडलंस. लायब्ररीवाल्या बाईंनी हाताची घडी घालून ऐकलं आणि दार लावलं, तेव्हा मला वाटलं सगळं वाया गेलं. तू सोमवारी गेलास, त्यानंतर दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. बाबा रोज खिडकीशी बसत, आपलेच जुने मोजे रफू करत.

काल बाई आल्या. शाल घेऊन, सुई होती तिथेच. बाबांच्या मांडीवर ठेवली आणि घाई नाही म्हणाल्या. त्या गेल्यावर बाबांनी सुईत धागा ओवला आणि विचारलं की बटण त्यांच्या दारात बोलला तेव्हा त्याचा आवाज कापत होता का. मी सांगितलं, अजिबात नाही. त्यांच्या चपलांकडे बघत पुटपुटला, निम्मं विसरला, आणि शेवटी पाणी मागितलं कारण त्याला खरंच तहान लागली होती.

बाबांनी दातानं धागा तोडला आणि म्हणाले, "मग खरं बोलला."

आता आशीर्वाद पुन्हा पहिल्याइतके. रविवारी जेवायला ये.

तुझी,
ताई