डिंकाच्या लाडवांचा डबा

नंदनवन, मंगळवार, २ डिसेंबर १९७५

माझ्या कपाळाला दोन टाके पडले. बायकोनं, शालूनं, लाडवांचा पितळेचा डबा फेकून मारला.

कॅन्सरसाठी तिच्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, हात हलवा, वजन वाढू देऊ नका. आम्ही काय केलं? आईनं तिला बाळंतिणीसारखी खाटेवर बसवून डिंकाचे लाडू चारले. डिंक मीच आणला. आज ती फाटकापर्यंत गेली, तर दंड धरून फरफटत आत आणली. काहून आणली मी?

"मी काय बाळंतीण आहो का? चालू द्या मले." अन् डबा आला. मीही मारायला धावलो, अन् थांबलो.

डबा उजव्या हातानं फेकला होता. त्या हातानं तिला कालपर्यंत वेणी घालता येत नव्हती.