तापीकाठचा धवला

सुरत,
ता. १४ जानेवारी २०२५

ती. सखूआत्या हिस,
नेत्राचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी विचारतात काय झालं, म्हणून हे पत्र. आपल्या अमिषाचं लगीन ठरलं. मुलगा इथलाच, गुजराती. त्याची आई कोकिलाबेन मला बहिणीसारखी वागवते. वीस एप्रिलला मांडव.

पण एक घोळ झालाय. अमिषाने मोबाइलवर कुठूनतरी आपल्या आगरी लग्नातला धवला ऐकला आणि हट्ट धरला, हळदीला हेच गाणं हवं. मला अर्थ विचारला. दोन ओळींपुढे सांगता येईना. तर म्हणाली, तुझी भाषा आहे ना मम्मी, मग मला का नाही दिलीस? मी भाजी हलवायला उठले.

आत्या, गावची धवलारीण तू. चाळीस वर्षं लग्नांत गातेस. येशील का? नाहीतर निदान शब्द लिहून पाठव.

तुझ्या लोभावरच हे मागतेय.
तुझी नेत्रा

चौल,
ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. नेत्रास,
सखूआत्याचे अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. आनंद झाला, पण डोकं फिरलं. तुझ्या हळदीला तूच निरोप धाडला होतास, आत्याला सांगा आता पुरे, बेंजोवाले खोळंबलेत. जावयाचे सुरतेचे मित्र तोंडावर हात धरून हसत होते, ते मी बघितलं होतं. तेव्हा नको होतं ते आता कसं हवं झालं, मला काय उमगत न्हाय.

लिहायला बसले. पण जात्यात हळद नसली की पुढची ओळ येत न्हाय. चार ओळी लिहून वाचल्या, तर वाण्याची यादी वाटली. फाडून टाकली.

आणि दुसरं. धवल्यात आधी देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं. डोंगरावरचा देव, मिठागराच्या बांधावरची आय, आपली खाडी. सुरतेला त्यांना बोलवू? एवढ्या लांब येतील? नि तिथले देव मला ठाऊक न्हाईत, मग त्यांच्या दारात गाऊ कशी? तूच सांग.

पोरीला माझा मुका दे. माया हाय ती हायच.
सखूआत्या

सुरत,
ता. १९ फेब्रुवारी

ती. सखूआत्यास,
नेत्राचा सा. न.

हळदीची गोष्ट वाचली. व्हय, निरोप मीच धाडला होता. एकोणीस वर्षांची होते, सगळे हसतील म्हणून घाबरले. इथे आल्यावर ‘हाय-न्हाय’सुद्धा गिळून टाकलं, पोरीसमोर कधी निघू दिलं नाही. हे सगळं काल अमिषाला सांगितलं. ती रागावली की नाही, कळलं नाही. म्हणाली, सखूआजीला ठाऊक आहेत त्या देवांना बोलवू दे, इथल्यांची नावं मी तिला कागदावर लिहून देते.

देवांना रस्ता सापडेल का, मलाही ठाऊक नाही. माझा लेक अल्पेश सतरा एप्रिलला गाडी घेऊन तुला न्यायला येईल.

रागावली असलीस तरी गाडीत बस.
नेत्रा

चौल,
ता. २० मे

चि. सौ. नेत्रास,
सखूआत्याचे आशीर्वाद.

तिकडं गडबडीत बोलता आलं न्हाय, म्हणून लिहिते. हळदीला आपल्या डोंगरापासून सुरुवात केली. अमिषाने लिहून दिलेल्या तापीमायपर्यंत पोचले नि थांबले. गावात माझ्या मागे म्हणायला बाया असतात, त्यांनी ओळ उचलली की मला पुढची सापडते. तिथं मागे कुणीच न्हाय. वाटलं, फसले. तेवढ्यात अमिषाने हळदीच्या तोंडाने ओळ उचलली. ऐकू काय आलं न्हाय, पण ओठ बघितले, शब्द वेडेवाकडे होते. तरी पुढची ओळ आली. मग कोकिलाबेनच्या बाया टाळ्या देत उठल्या. टाळ्या आपल्या गाण्याच्या की त्यांच्या, कळेना. तशीच गात राहिले. तू खांबाआड का रडत होतीस?

परवा शेजारच्या गोदूच्या नातीच्या लग्नात गायले. विहिणीची ओळ आली नि माझ्या तोंडून ‘वेवाण’ निघालं, कोकिलाबेन तुला हाक मारते तसं. दचकले. वाटलं, बाया हसतील. कुणी हसलं न्हाय. सगळ्यांनी ‘वेवाण’ म्हणत ओळ उचलली, आजवर तसंच गात आल्यागत.

तेव्हापासून झोप उडाली. माझ्या आयनं मला जो धवला दिला, त्यातले शब्द तरी तिचे होते का, की तीही कुठं ऐकून आली होती? विचारायला ती न्हाय.

पुढल्या म्हयन्यात आणखी एक लगीन हाय. विहीण म्हणू की वेवाण? लवकर कळव.

तुमचा सगळ्यांचा जीव माझ्यावर असाच असू दे.
सखूआत्या